माहीमच्या खाडीपलीकडची नगरपालिका

वांद्र्याची नगरपालिका १८७६ मध्ये सुरू झाली आणि १५ एप्रिल १९५० रोजी मुंबई महापालिकेत विलीन झाली. त्याच दिवशी कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ या तिच्या शेजारणींचाही स्वतंत्र कारभार संपला. मुंबईच्या इतिहासात ही घटना बहुधा एका ओळीत आटोपली जाते: शहर वाढले, उपनगरे आत आली. पण वांद्र्याने पाऊण शतक स्वतःची घरपट्टी बसवली आणि स्वतःचे रस्ते राखले. त्या कारभाराची योग्यता काय होती, आणि तो गेल्याने काय मिळाले व काय हरपले, याबद्दल दोन ठाम मते आहेत. त्यांपैकी एका मताच्या माणसाला येथे महापालिकावादी म्हटले आहे, दुसऱ्याला नगरपालिकावादी. दोघांचाही या विषयाचा अभ्यास आहे आणि दोघांनाही या गावांबद्दल आस्था आहे.

वांद्रे हे साष्टी बेटाचे दक्षिण टोक. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारातून इंग्रजी राजघराण्याकडे आले, साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ती मराठ्यांनी घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे माहीमची खाडी शंभरहून अधिक वर्षे दोन राज्यांमधली सीमा होती. इंग्रजी अमल आल्यावरही साष्टी मुंबई शहरात गेली नाही, ठाणे जिल्ह्यात गेली. पुढे लेडी जमशेटजींच्या देणगीतून माहीमचा बांध उभा राहिला आणि होडीची गरज संपली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला जाणारी पहिली लोकल गाडी धावली. कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, मुसलमान, पारशी अशा मिश्र वस्तीचे हे गाव तेव्हा कुठे शहराच्या रोजच्या ये-जा करण्याच्या अंतरात आले. नगरपालिका आली ती अशा वेळी.

पहिला मतभेद तिच्या जन्मापासूनच आहे.

महापालिकावादी: वांद्रे नगरपालिकेला स्थानिक स्वराज्य म्हणण्याची घाई लोक करतात. १८७३ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याखाली ती जन्मली. अध्यक्ष कलेक्टर, सभासद सरकारने नेमलेले. गावातली चार प्रतिष्ठित मंडळी कलेक्टरसाहेबांसमोर बसून माना डोलवीत. यात स्वराज्य ते कुठले?

नगरपालिकावादी: आरंभ तसाच झाला, हे मान्य. पण संस्थेची पारख तिच्या पहिल्या वर्षावरून कशी करता येईल? १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव आला. १८८४ च्या कायद्याने निदान निम्मे सभासद निवडून येण्याची वाट मोकळी केली. १९०१ मध्ये नवा कायदा झाला, १९२५ मध्ये मोठ्या नगरपालिकांसाठी बरो कायदा झाला. प्रत्येक टप्प्यावर सरकारी हात थोडा थोडा मागे गेला. वांद्र्याची माणसे सभेत बसायला, ठराव मांडायला, अंदाजपत्रक वाचायला याच काळात शिकली.

महापालिकावादी: मत कोणाला होते ते सांगा की. घरपट्टी भरणाऱ्याला. चिंबईच्या कोळ्याला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारकुनाला किंवा रेल्वेच्या हमालाला त्या सभेत जागा नव्हती.

नगरपालिकावादी: आणि मुंबईत होती का? १८७२ च्या मुंबई नगरपालिकेत चौसष्ट सभासद होते. त्यांतले निम्मे निवडून येत, आणि तेही करदात्यांच्याच मतावर. प्रौढ मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ ची. खाडीच्या दोन्ही बाजूंना घरमालकांचेच राज्य होते. वांद्र्याला वेगळे माप का लावायचे?

या मुद्द्यावर नगरपालिकावाद्याचे म्हणणे टिकते. दोन्ही संस्था आपापल्या काळाच्या मर्यादेत होत्या, आणि उपनगरी नगरपालिका अधिक संकुचित होती असे म्हणायला आधार नाही. त्यांच्यातला खरा फरक मतदारयादीत नव्हता. तो कारभाराच्या रचनेत होता आणि विलीनीकरणानंतर उपनगरांना तो चांगलाच जाणवला. पण त्याआधी एका जुन्या व्यवहाराचा हिशेब करायला हवा, कारण वांद्रे आणि मुंबई यांचे नाते नगरपालिकेच्याही आधी जडले होते.

आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. शहर स्वच्छ करण्याच्या त्याच्या मोहिमेत शहरातले कत्तलखाने हलवायचे ठरले. ते गेले खाडीपलीकडे, वांद्र्याला. १८६० च्या दशकात आलेला हा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला जाईपर्यंत, म्हणजे शंभरेक वर्षे, वांद्र्यातच होता. चालवणार मुंबई, खाणार मुंबई, आणि गुरांचे कळप, रक्ताचे पाणी, घारी व दुर्गंधी वांद्र्याच्या वाट्याला. पाण्याचेही तसेच. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. दोन्ही साष्टीच्या डोंगरात आहेत, पण बांधले गेले शहरासाठी. पाण्याखाली जमिनी गेल्या त्या साष्टीतल्या गावांच्या. प्लेगनंतर शहराचा कचरा देवनारच्या खाजणात जाऊ लागला. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा रेल्वेफाटा मुळात या कचऱ्यासाठीच घातला होता. त्यावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या त्या १९२४ मध्ये.

नगरपालिकावादी: या तीन गोष्टी एका ओळीत ठेवून बघा. पाणी साष्टीतून शहरात, घाण शहरातून साष्टीत. आणि हे ठरवणाऱ्या सभागृहात वांद्र्याचा किंवा चेंबूरचा एकही माणूस नाही. उपनगरे मागास होती म्हणून महापालिकेने त्यांना पदरात घेतले, असे सांगतात. त्या मागासपणाला शहराचाही हातभार लागला होता.

महापालिकावादी: तुमचा हाच मुद्दा माझ्या कामाचा आहे. खाडीच्या अलीकडचा माणूस पलीकडे कचरा टाकू शकला, कारण हद्द होती. हद्द नसती तर देवनारच्या शेजारी राहणाऱ्याला सभागृहात उभे राहून जाब विचारता आला असता. शेजारच्या बलाढ्य शहरासमोर छोट्या नगरपालिकेचे स्वातंत्र्य किती पोकळ असते, याचा तुमच्या उदाहरणाइतका चांगला पुरावा नाही.

नगरपालिकावादी: पण हद्द पुसल्यावर देवनारचा कचऱ्याचा डोंगर उतरला नाही, वाढला.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि शहर रिकामे होऊ लागले. ज्यांना शक्य होते ते साष्टीत आले. रोग मागोमाग आलाच. वांद्र्याच्या गल्ल्यांत अजून उभे असलेले क्रूस पाहिले तर त्यांतल्या कित्येकांच्या चौथऱ्यावर त्या वर्षांच्या तारखा कोरलेल्या दिसतात. लोकांनी प्लेग टळावा म्हणून, किंवा टळला म्हणून ते उभारले. कोपऱ्यावरच्या अशा क्रूसापाशी आजही मेणबत्ती लागते आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. प्लेगने वांद्र्याला दुःख दिले तशी वस्तीही दिली. मोकळी हवा आणि मुंबईत नोकरी अशा दोन्हींच्या शोधातला मध्यमवर्ग इकडे आला. १९१८ मध्ये साल्सेट कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. तिकडे पार्ल्यात १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ उभे राहिले. १ ऑक्टोबर १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातून दक्षिण साष्टी वेगळी काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. त्याचे मुख्यालय वांद्रे. १९२४ मध्ये खार रोड स्टेशन झाले. १९२५ मध्ये हार्बर मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत.

ही वस्ती कशी बसवायची, हा प्रश्न उपनगरांनी ज्या साधनाने सोडवला त्यावर दोघांचे बरेच एकमत आहे, तरी श्रेय कोणाला यावर नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने टीपी स्कीमची सोय केली. शेतजमिनींचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंड करून मूळ मालकांना परत द्यायची. जमीन थोडी कमी मिळते, किंमत वाढते, आणि वाढलेल्या किमतीचा काही भाग रस्त्यांच्या खर्चासाठी घेतला जातो. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले, घाटकोपर येथे अशा योजना झाल्या. पत्त्यात आजही ‘टीपीएस थ्री, चोविसावा रस्ता’ असे येते. खारमध्ये रिक्षावाल्याला ‘चौदावा रस्ता’ एवढे सांगितले की पुरते. हे आकडे नगररचना नकाशावरचे आहेत. रस्त्याला नाव ठेवायची वेळ येण्याआधी नकाशातला क्रमांकच नाव होऊन बसला.

नगरपालिकावादी: मला वांद्र्याचा अभिमान वाटतो तो इथे. रस्ता कुठून जावा, कोणाचे आंब्याचे झाड वाचावे, कोणाच्या वाडीतला कोपरा जावा, हे घासाघीस करून ठरवायचे काम होते. ज्या अधिकाऱ्याला मालक नावाने ठाऊक आहे आणि ज्या सभासदाला संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जायचे आहे, त्यालाच ते जमते. झाडांच्या ओळी, बेताची उंची, चालण्याजोगे अंतर हे सगळे त्या घासाघिशीतून निघाले.

महापालिकावादी: कायदा मुंबई सरकारचा, योजनेचा निवाडा करणारा लवाद सरकारचा, खार-दांड्याची जमीन विकसित करणारे डेव्हलपमेंट खातेही सरकारचे. नगरपालिकेच्या पदरात फार श्रेय टाकू नका. शिवाय त्या चौकोनी भूखंडांच्या मधोमध गावठाणे राहिली. रणवार, चुईम, पाली, शर्ली. तिथे योजना पोहोचलीच नाही. नवे लोक आले त्यांना रुंद रस्ते, मूळचे होते त्यांना जुनी बोळकांडी.

नगरपालिकावादी: पोहोचली नाही म्हणून ती गावठाणे आज शिल्लक आहेत, हेही सांगा.

पुढचा मुद्दा महापालिकावाद्याचा सर्वांत भक्कम आहे आणि तो मोठ्या खर्चाच्या कामांचा आहे. रस्ते आणि भूखंड यांच्या पोटात जे असावे लागते ते उपनगरांत नव्हते. शहरात भुयारी गटारे एकोणिसाव्या शतकातच आली होती. उपनगरांत विसाव्या शतकाच्या मध्यावरही बव्हंशी टोपलीचे संडास, शोषखड्डे आणि उघडी गटारे होती. मैला डोक्यावरून वाहण्याचे काम ठराविक जातींवर लादलेले होते, आणि सुंदर बंगल्यांच्या मागल्या बाजूला त्यासाठी वेगळी गल्ली ठेवलेली असे. वांद्र्याच्या जुन्या शांत रस्त्यांची आठवण काढताना ही गल्ली विसरणे बरोबर नाही.

महापालिकावादी: या गल्लीसाठी तरी मोठी संस्था लागते. भुयारी गटार अर्ध्या गावाला घालता येत नाही. त्याला उतार लागतो, पंपिंग स्टेशन लागते, शेवटी समुद्र लागतो. वांद्र्याची गटारे वांद्र्याच्या हद्दीत संपत नाहीत आणि कुर्ल्याची कुर्ल्याच्या हद्दीत. पाण्याचेही तेच. तानसाचे पाणी १८९२ मध्ये शहरात आले. त्यानंतर वैतरणेवर धरण बांधले ते महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांच्या काळात आखलेले. मोडकसागर म्हणतात ते हेच. शंभरएक किलोमीटरवरच्या नदीवर धरण बांधून नळ आणण्याची ताकद घरपट्टीवर जगणाऱ्या पाच-सहा नगरपालिकांत कुठून येणार होती? कर्ज तरी कोण देणार त्यांना?

नगरपालिकावादी: धरणासाठी मोठी संस्था हवी, हे मला मान्य आहे. पाण्याचे मंडळ करा, गटारांचे मंडळ करा. कोपऱ्यावरचा दिवा, बाजाराची वेळ आणि शाळेची दुरुस्ती त्या मंडळाबरोबर का गेली? तुम्ही नळाच्या बदल्यात सभागृह मागितलेत.

महापालिकावादी: कारण मंडळांच्या राज्यात कोणीच जबाबदार राहत नाही. नळ एकाचा, गटार दुसऱ्याचे, रस्ता तिसऱ्याचा. नागरिकाने दार कोणाचे ठोठवायचे?

विलीनीकरणाची तयारी याच विचाराने झाली. १९४५ च्या कायद्याने ‘बृहन्मुंबई’ ही हद्द कायद्यात आली. १९४८ मध्ये मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. त्यात शहर आणि साष्टी हे एकच क्षेत्र धरले होते. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी उपनगरांवरचा भार आणखी वाढवला. मग १९५० चा हद्दवाढ कायदा झाला आणि नगरपालिका, ग्रामपंचायती, लोकल बोर्डाखालची गावे महापालिकेत आली. १ फेब्रुवारी १९५७ पासून दुसऱ्या हद्दवाढीने पश्चिमेला दहिसर आणि पूर्वेला मुलुंडपर्यंतचा भाग आला. पहिल्या टप्प्यातल्या भागाला उपनगरे आणि दुसऱ्या टप्प्यातल्या भागाला विस्तारित उपनगरे म्हणण्याची पद्धत महापालिकेच्या कागदोपत्री त्यानंतर रुळली.

नगरपालिकेचा कारभार आणि महापालिकेचा कारभार यांत जो रचनेचा फरक वर सांगितला तो या घडीला उपनगरांच्या अंगावर आला. जिल्हा नगरपालिका कायद्यांत कारभाराची सूत्रे अध्यक्ष आणि सभासदांच्या समित्यांकडे असत. मुंबईचा कायदा १८८८ चा. त्यात सभागृह, स्थायी समिती आणि कमिशनर अशा तीन सत्ता आहेत, आणि अंमलबजावणीचा सारा अधिकार कमिशनरकडे. त्याला नेमते राज्य सरकार.

नगरपालिकावादी: वांद्र्याच्या माणसाचा तोटा इथे झाला. पूर्वी रस्ता खचला तर ज्याला मत दिले त्याच्याच हातात तो दुरुस्त करण्याचा अधिकार होता. आता नगरसेवक निवडायचा, त्याने मागणी करायची, आणि निर्णय घेणारा आयुक्त मंत्रालयाकडे पाहणार. मताचे वजन घटले. मतदार सगळ्यांना केले हे चांगलेच झाले, पण मत देऊन जे निवडायचे त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

महापालिकावादी: ती किल्ली उपनगरांकडून खास काढून घेतलेली नाही, शहराकडेही नव्हती. आणि त्या व्यवस्थेने धरणे, दवाखाने, शाळा उभ्या केल्या. आज सभागृहात २२७ जागा आहेत आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक उपनगरांच्या. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात ३० लाख ८५ हजार माणसे, उपनगर जिल्ह्यात ९३ लाख ५७ हजार. उपनगरांना कोणी गिळले असे म्हणता? संख्येने पाहिले तर महापालिका उपनगरांचीच आहे.

नगरपालिकावादी: संख्या उपनगरांची, प्राधान्य शहराचे. महापालिकेची केईएम, नायर आणि शीव ही तिन्ही मोठी शिकवणारी रुग्णालये जुन्या शहराच्या हद्दीत आहेत. उपनगरात महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आले ते कूपरला, २०१५ च्या सुमारास. विलीनीकरणाला तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती. १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली काढा. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, शहरात १.३३, उपनगरांत १. आणि शहरातली आरक्षित जमीन दिल्यावर मिळणारा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क, शहरात वापरायला मनाई. तो आणायचा उपनगरांत. पूर्वी शहर कचरा पाठवी, आता बांधकाम पाठवू लागले. टुमदार बंगल्यांच्या जागी वांद्र्यात आणि पार्ल्यात जे मजले चढले, त्यांतले कित्येक शहरातल्या जमिनीच्या हक्कातून आले आहेत.

महापालिकावादी: शहर आधीच गच्च भरलेले होते. बांधकाम कुठेतरी जाणारच. त्याच नियमांनी मैदाने, शाळा आणि रस्त्यांच्या जमिनी पैसे न मोजता सार्वजनिक ताब्यात आल्या.

टीडीआरच्या बाबतीत नगरपालिकावाद्याचा रोष योग्य वाटतो. एका भागाच्या सोयीचा भार दुसऱ्या भागावर टाकण्याची सवय हद्द पुसल्यावरही सुटली नाही, आणि तो भार कोणत्या रस्त्याला, कोणत्या गटाराला झेपेल याचा विचार वांद्र्यात बसून झाला नाही.

मिठी नदीचे उदाहरण मात्र दोघेही आपापल्या बाजूने मांडतात. विहार-पवईकडून निघून कुर्ल्याला वळसा घालत ती माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि नदीकाठची वस्ती बुडाली.

महापालिकावादी: एक नदी पाच नगरपालिकांच्या ताब्यात असती तर काय झाले असते याचा विचार करा. प्रत्येकाने आपला गाळ पुढच्याच्या हद्दीत लोटला असता.

नगरपालिकावादी: १९५० पासून नदीचा हा सगळा प्रवाह एकाच महापालिकेच्या हद्दीत आहे. गाळ साठला, पात्र अरुंद झाले, विमानतळाच्या धावपट्टीसाठी वळवले गेले. आणि पूर आल्यावर तुम्ही काय केलेत? मिठीसाठी वेगळे प्राधिकरण काढलेत. मंडळांचे राज्य नको म्हणत होतात ना? वांद्रे-कुर्ला संकुल पाहा. नावात दोन बुडालेल्या नगरपालिका आहेत, आणि तिथले नियोजन १९७७ पासून ना वांद्र्याचे, ना कुर्ल्याचे, ना महापालिकेचे. ते राज्य सरकारच्या एमएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाचे.

महापालिकावाद्याकडे याला पुरेसे उत्तर नाही. एकत्रीकरणाचा त्याचा युक्तिवाद एका जबाबदार संस्थेवर उभा होता, आणि प्रत्यक्षात मुंबईत अशी एक संस्था झालीच नाही. रस्त्यांचे काही तुकडे, पूल, मेट्रो, झोपडपट्टी पुनर्वसन, नदी अशी कामे राज्य सरकारच्या वेगवेगळ्या प्राधिकरणांकडे गेली. नगरपालिका गेल्या, पण त्यांच्या जागी एकछत्री कारभारही आला नाही.

मजेची बाब अशी की जुनी हद्द आजही पुसली गेलेली नाही. विजेचे बिल हा तिचा सर्वांत सोपा पुरावा आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टची वीज. खाडी ओलांडली की वेगळी कंपनी, कारण १९२९ मध्ये उपनगरांसाठी ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ निघाली होती. तिचे नाव बीएसईएस, मग रिलायन्स, आणि २०१८ पासून अदानी असे बदलत गेले. भांडुप-मुलुंडला मात्र महावितरण. जमिनीच्या कागदावर भूमापनाचा क्रमांक शहरात सीएस नंबर असतो, उपनगरात सीटीएस. रिक्षा माहीमच्या खाडीपर्यंत येते आणि थांबते. मधल्या काळात बृहन्मुंबईत मिसळून गेलेला उपनगर जिल्हा १९९० मध्ये पुन्हा वेगळा झाला आणि त्याचे मुख्यालय पुन्हा वांद्रेच झाले.

महापालिकेच्या प्रशासकीय विभागांतही जुन्या गावांच्या सावल्या दिसतात. वांद्रे पश्चिमेपासून सांताक्रूझपर्यंत एच-पश्चिम, कुर्ल्याला एल, घाटकोपरला एन. १९९३ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर प्रभाग समित्या आल्या. चोवीस विभागांसाठी सतरा समित्या करण्यात आल्या.

महापालिकावादी: म्हणजे तुम्हाला हवे ते परत मिळाले. गावाचे सभागृह गावाजवळ, आणि धरण-गटारे मोठ्या संस्थेकडे. तुम्ही मागत होतात तीच वाटणी ही.

नगरपालिकावादी: अधिकार बघा ना. प्रभाग समितीला अंदाजपत्रकात आधीच धरलेली पाच लाखांपर्यंतची कामे मंजूर करता येतात. स्वतःचा कर नाही, स्वतःचा अधिकारी नाही. वॉर्ड ऑफिसर आयुक्तांचा. १८८४ ची वांद्रे नगरपालिकासुद्धा आपली घरपट्टी आपण बसवीत होती. आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढे कित्येक वर्षे निवडणूक झाली नाही, प्रशासक बसला. सभागृह नाही म्हणजे प्रभाग समितीही नाही. छोट्या नगरपालिका पाच असत्या तर पाचही ठिकाणचा कारभार एका सहीने थांबला नसता.

महापालिकावादी: थांबला असता. त्याच काळात राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांवर प्रशासकच होते. तो दोष आकाराचा नाही. आणि वेगळे होऊन काय होते तेही दिल्लीने दाखवले. २०१२ मध्ये तिथल्या महापालिकेचे तीन तुकडे केले. श्रीमंत भाग एकीकडे आणि गरीब भाग दुसरीकडे गेला, सफाई कामगारांचे पगार थकले, आणि २०२२ मध्ये पुन्हा एक करावी लागली. वांद्रे वेगळे झाले तर वांद्र्याचे भलेच होईल. देवनारशेजारच्या गरीब गोवंडी-मानखुर्दचे काय? वांद्र्याच्या घरपट्टीतला वाटा तिथे पोहोचतो तो एकाच तिजोरीमुळे.

हा आक्षेप नगरपालिकावाद्याने उडवून लावण्यासारखा नाही, आणि तो लावतही नाही. तो म्हणतो की तिजोरी एक ठेवावी, पण प्रभाग समितीला लोकसंख्या आणि गरिबी पाहून ठरलेला हिस्सा द्यावा, वॉर्ड ऑफिसरला समितीला उत्तर द्यायला लावावे, आणि शेजारच्या विभागातून येणारा कचरा, टीडीआर किंवा प्रकल्प यांवर समितीचे म्हणणे बंधनकारक धरावे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी महापालिकावाद्याला मान्य आहेत. तिसरी नाही. त्याच्या मते अशाने कचरा कुठेच टाकता येणार नाही, कारण प्रत्येक समिती नकारच देईल.

महाराष्ट्रात याच प्रश्नावर ताजा निर्णय झाला तो पुण्याजवळ. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०१७ मध्ये पुणे महापालिकेत घेतली गेली. पुण्याचा कचरा डेपो वर्षानुवर्षे तिथेच होता. कर वाढला, सोयी त्या मानाने आल्या नाहीत, लोकांनी विरोध केला, आणि २०२४ मध्ये ही गावे महापालिकेतून काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. डेपो जिथे होता तिथेच आहे. त्याबद्दल पुण्याशी बोलायला आता त्या गावांचे स्वतःचे सभागृह आहे. देवनारच्या खाजणाकाठच्या गावांकडे शहराच्या कचऱ्याची पहिली वाघीण आली तेव्हा तसे काही नव्हते.